व्हिसा वर्षाचा, मुक्काम नव्वद दिवसांचा

"घरात परदेशी सून आहे, तिची मुदत उलटून गेली आहे. आता आपणहून पोलिसांकडे गेलो तर तिला उचलून नेतील का?"

हा प्रश्न मोठ्या शहरांचा, असं कुणाला वाटत असेल तर ते आता खरं राहिलेलं नाही. आमच्या भागातली पोरं दुबई-मस्कतच्या हॉटेलांत आणि जहाजांवर नोकरीला जातात. तिथे जीव जडतो, लग्न ठरतं. गावात दोन दिवस चर्चा होते, मग बायका नव्या सुनेला भाकरी थापायला शिकवतात. कागदांचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. पूर्वी सल्ला केंद्रात अशी प्रकरणं नसायची, आता अधूनमधून येतात. त्यातलं एक सांगते. कुटुंब आर्वीकडच्या एका गावातलं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, कायद्याचे तेवढे जसेच्या तसे ठेवले आहेत.

कापूस वेचणीचे दिवस होते. सासूबाई, मुलगा आणि सून असे तिघं आले. सून फिलिपिन्सची, पाचवा महिना लागलेला. मुलगा खाली मान घालून बसला होता, बोलत होत्या त्या सासूबाईच. "म्याडम, आमी त काई चोरी नाई केली. पोरगी सोन्यासारखी हाय. नेतीन का तिले?"

कागद दाखवा म्हटलं. त्यांनी पिशवीतून डालड्याचा जुना डबा काढला. त्यात सातबारा, बँकेचं पासबुक, सोसायटीची कर्जाची पावती आणि सगळ्यांत खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सुनेचा पासपोर्ट. विमानतळावरचा शिक्का मे महिन्यातला. सोबत ई-टुरिस्ट व्हिसाची छापील प्रत होती. तिच्यावर मुदत एक वर्षाची, आणि घरच्यांनी वाचलं ते तेवढंच. एका वेळचा सलग मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त नको, हेही त्याच कागदावर छापलेलं असतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानच्या नागरिकांना हीच मर्यादा १८० दिवसांची आहे. फिलिपिन्सच्या या मुलीचे ९० दिवस ऑगस्टमध्येच संपले होते. व्हिसाची मुदत म्हणजे त्या काळात दार उघडं आहे, एवढंच. आत किती दिवस राहायचं ते वेगळं मोजतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि शिकलेल्यांचाही होतो.

दुसरा घोटाळा लग्नाचा. गावच्या मारुतीसमोर थाटात लग्न लागलं, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सुनेचं नावही बदललं. पत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. नोंदणीला गेले तर ग्रामसेवक म्हणाले, "फॉरेनर आहे, वरती विचारून सांगतो." ते विचारणं तसंच राहिलं. खरं म्हणजे मुलगा हिंदू आणि मुलगी ख्रिश्चन असेल तर रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस द्यावी लागते आणि तिचे ३० दिवस जाऊ द्यावे लागतात. मुलगी अविवाहित असल्याचा तिच्या देशाचा दाखला लागतो तो वेगळाच. हे सगळं पहिल्या ९० दिवसांत उरकलं असतं, तर नोंदणीच्या दाखल्यावर टुरिस्ट व्हिसा बदलून एन्ट्री व्हिसा, म्हणजे भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला मिळणारा व्हिसा, मागता आला असता. आता ती वेळ गेली होती.

मग कुणीतरी एजंट गाठला. त्याचा सल्ला ऐकून मला खुर्चीत बसवेना. तो म्हणे, "गप राहा. बाळ इथे झालं की बाळ भारतीय. मग आईला कोण काढतं?"

पोटातल्या बाळाला याहून घातक सल्ला कुठला असेल? नागरिकत्वाचा कायदा उलट बोलतो. ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेल्या मुलाला जन्मानं नागरिकत्व मिळायचं, तर आईबाप दोघंही भारतीय हवेत. किंवा एक भारतीय हवा आणि दुसरा बाळाच्या जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नको. परवानगीपेक्षा जास्त राहिलेला परदेशी माणूस या कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरितच ठरतो, मग तो रीतसर व्हिसा घेऊन का आलेला असेना. म्हणजे एजंटाचं ऐकून गप्प बसले असते, तर बापाच्या शेतात जन्मलेल्या पोराचंच नागरिकत्व वादात आलं असतं.

हे समजावल्यावर मी सासूबाईंना आणि मुलाला बाहेर बसवलं. सुनेशी एकटीशी बोलायचं होतं. अशा प्रकरणांत मी हे कधीच टाळत नाही. पासपोर्ट सासूच्या डब्यात असणं हे कधी नुसतं जपणं असतं, कधी डांबून ठेवणं. ते बाहेरून कळत नाही.

ती इंग्रजीत बोलली, मधेमधे वऱ्हाडी शब्द पेरत. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, पासपोर्ट मागितला तर देतात. पण गेले कित्येक आठवडे ती मागच्या दारानंच बाहेर पडत होती. गावात पोलीस पाटील दिसले की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. दवाखान्यात आधार कार्ड मागतील म्हणून तपासणीही टाळलेली. इथे राहायचं आहे का, असं विचारलं तर लगेच हो म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली की बाळंतपणाला आईजवळ जायचं आहे. नवऱ्याला सांगितलं का? "नाई. वाटते, मी पळून चालली."

तिकडे बाहेर सासूबाईंची भीतीही तीच होती: "गेली त वापस येईन कायची!"

पुढच्या बैठकीला मुलाचा काका आला. त्यानं नागपूरचे बौद्ध भिक्खू भदन्त सुरई ससाई यांचं उदाहरण काढलं. ते जपानचे, त्यांना १९८७ साली भारतीय नागरिकत्व मिळालंच ना? मिळालं. पण त्यांच्या मागे नागपुरातलं दोन दशकांचं काम होतं आणि लोकांचा रेटा होता. आपल्या सुनेमागे डालड्याचा डबा आहे, म्हटलं. काका हसला, आणि तिथून बोलणं सुरळीत झालं.

कायद्याचं भय मी कमी करून सांगितलं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू आहे, १९४६ चा जुना कायदा गेला. मुदतीपलीकडे राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हेगारीचा काही संबंध नसेल आणि माणूस आपणहून पुढे आला, तर अशी प्रकरणं बहुधा दंड भरून मिटतात. तो दंड दिवसांबरोबर चढत जातो. शिवाय तिकीट हातात घेऊन देश सोडण्याची परवानगी मागायला आलेली बाई आणि झडतीत सापडलेली बाई यांच्याकडे साहेबही एकाच नजरेनं बघत नाहीत. निर्णय अर्थात त्यांचाच. पुन्हा येण्यावर बंदी घालण्याचा अधिकारही त्यांना आहे, हेही मी घरच्यांना सांगून ठेवलं.

जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, तालुक्याच्या ठाण्याकडे नाही. त्यामुळे ठाण्यातल्या ओळखीच्या जमादाराला "बघून घ्या" म्हणण्यात काही अर्थ नसतो. घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरायचा असतो, तोही यांनी भरलेला नव्हता. ते फक्त लॉजवाल्यांना लागतं, अशी समजूत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, आणि त्यात परदेशी-देशी असा भेद नाही. वकिलांनी ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा, अर्ज टाकला. सोबत उशिराचं कारण सांगणारं पत्र, तिकीट, घराचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद. पत्रात एकही गोष्ट रंगवून लिहू दिली नाही.

अडलं होतं ते सासूबाईंच्या मनात. त्यांना म्हटलं, तुमचं पहिलं बाळंतपण कुठे झालं? "मायेरी. देवळीले." एवढं बोलून त्या गप्प झाल्या, सुनेकडे बघत राहिल्या. मग लेकाला म्हणाल्या, "पयलं बाळातपन त मायेरीच असते ना बापा. इमानानं जाते, एवढाच त फरक." त्याच संध्याकाळी डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू झाली, म्हणे. विमानात किती किलो चालतात, असा फोन आला.

चौकशीला दोनदा बोलावलं, दंड भरला, परमिट मिळालं. नवराही सोबत गेला, पण व्हिसा काढून. २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, ते वाढवून मिळत नाहीत. आणि तिथे लग्नाच्या परवान्याआधी १० दिवस नोटीस लावतात. उरलेल्या चार दिवसांच्या भरवशावर गेला असता, तर यावेळी मुदत त्याची उलटली असती.

लग्न तिथे कायदेशीर झालं. मुलगी झाली. जन्मापासून वर्षाच्या आत तिची नोंद भारतीय वकिलातीत करायची आहे, आणि तोवर तिच्या नावानं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढायचा नाही, हे मी त्याला दोनदा लिहून पाठवलं. सुनेचा एन्ट्री व्हिसाचा अर्ज गेला आहे. त्यात मागचं काही लपवू नका म्हटलं. परमिट आणि दंडाच्या पावतीची प्रत स्वतःहून जोडायला लावली. लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाली की ती ओसीआय कार्डाला, म्हणजे भारतीयाच्या परदेशी जोडीदारालाही मिळू शकणाऱ्या दीर्घ मुदतीच्या कार्डाला, पात्र होईल, मग दरवेळच्या मुदतीची कटकट संपेल. व्हिसा अजून आलेला नाही. सासूबाई आठवड्याला फोन करून विचारतात.