कॉलेज संपलं, ऑफर नाही? आधी एवढं कर

प्लेसमेंटमध्ये नाव लागलं नाही म्हणून खचू नकोस. कॅम्पसवर मोजक्याच कंपन्या येतात. मुंबई-नवी मुंबईत सीप्झ, बीकेसी, ऐरोली-महापेतली कितीतरी ऑफिसं तिकडे फिरकतही नाहीत.

नव्या मुलांची पहिली चूक ठरलेली असते: एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी पाठवायचा. त्यापेक्षा दिवसाला तीन-चारच अर्ज कर, पण जाहिरात नीट वाचून. अकाउंट्सची जागा असेल तर टॅली आणि जीएसटी रिटर्नची ओळ वर घे. ‘मेहनती, प्रामाणिक’ काढून टाक. आणि लोकांना सांग! सोसायटीतले काका, मागच्या बॅचचे सीनियर, सगळ्यांना. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या पाहण्यात चांगले कॉल असेच येतात.

केंद्र सरकारच्या नॅट्स (NATS) या अप्रेंटिसशिप पोर्टलवरही नाव नोंदव. पदवीधरांना स्टायपेंडसह अप्रेंटिसशिप मिळते, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. बीए, बीकॉमलाही चालतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेव:
- नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट, कशाच्याही नावाने पैसे मागितले की सरळ उठून यायचं.
- ओरिजिनल मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही.

एमबीएचा विचार सध्या बाजूला ठेव. रेझ्युमे मला पाठव, आज रात्रीच बघतो.