‘सजेस्ट’चे कर्म कोण?

प्रश्न : मी पणजीतील एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. एका पाहुण्यांना पाठवायच्या ईमेलात मी ‘आय सजेस्ट यू टू व्हिजिट ओल्ड गोवा’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी ते वाक्य खोडले, कारण सांगितले नाही. ‘अ‍ॅडव्हाइज यू टू’ चालते, मग ‘सजेस्ट यू टू’ का नाही?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : वाक्य चुकले हे खरे, पण ते एवढ्याशा ‘टू’पायी; तेवढा काढला की ‘आय सजेस्ट यू व्हिजिट ओल्ड गोवा’ हे शुद्ध इंग्रजी होते, आणि वरिष्ठांनी तेवढेच खोडले असते तर तुम्हाला कारणही कळले असते.

‘मी तुम्हाला सुचवले’ असे आपण मराठीत सहज म्हणतो आणि त्याच सवयीने ‘सजेस्ट’पुढे माणूस ठेवतो. (‘एक्सप्लेन मी’ची चूकही याच घरातली.) ‘अ‍ॅडव्हाइज’ला माणूस कर्म म्हणून चालतो. ‘सजेस्ट’चे कर्म मात्र सुचवलेली गोष्ट असते, ज्याला सुचवायचे त्याच्याआधी ‘टू’ येतो, जसे ‘आय सजेस्टेड द फेरी टू देम’. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच ‘खालून आणून पुढे ठेवणे’ असा आहे, आणि पुढे ठेवायची ती वस्तू. जुने गोवे पाहून दिवाडीला जायचे सुचवायचे असेल, तर ‘आय सजेस्ट टेकिंग द फेरी’ एवढे पुरते. तिथेही ‘टू टेक’ नको.

मग ‘सजेस्ट यू व्हिजिट’मधला ‘यू’ कोण, असे तुम्ही विचाराल. तो ‘व्हिजिट’चा कर्ता आहे आणि मधला ‘दॅट’ गाळलेला आहे. ‘यू’च्या जागी ‘ती’ घालून पाहा : ‘आय सजेस्ट शी व्हिजिट’ असे होते, ‘हर’ होत नाही. शिवाय ‘शी’ असूनही ‘व्हिजिट्स’ नाही, कारण हे घडलेले सांगणे नसून घडावे असे म्हणणे आहे. ब्रिटिश लेखनात इथे ‘शुड व्हिजिट’ही आढळते.

मात्र ‘सजेस्ट’चा ‘दर्शवणे’ असाही अर्थ आहे आणि तिथे हा ‘एस’ परत येतो. ‘द रजिस्टर सजेस्ट्स दॅट शी चेक्स आउट टुमॉरो’ म्हणजे त्या बाई उद्या खोली सोडणार, असे नोंदवहीवरून दिसते. ‘आय सजेस्ट दॅट शी चेक आउट टुमॉरो’ असे लिहाल, तर मात्र तुम्ही त्यांना जायला सांगत आहात.