बायबलमधील एज्राच्या पुस्तकातील सुभेदार तत्तनइ यहूद्यांचा विरोधक होता का?

माझ्या मते नाही. त्याला विरोधकांच्या पंक्तीत बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तत्तनइ हा पारशी सम्राट पहिला दारयावेश (डेरियस) याच्या काळात फरात (युफ्रेटिस) नदीच्या पश्चिमेकडील प्रांताचा पारशी साम्राज्याने नेमलेला सुभेदार होता. इ. स. पू. 520 च्या सुमारास यरुशलेमेतील मंदिराचे काम पुन्हा सुरू झाल्याचे कळताच तो स्वतः तेथे गेला आणि परवानगी कोणी दिली, पुढाऱ्यांची नावे काय, एवढेच त्याने विचारले. काम मात्र थांबवले नाही. राजाला पाठवलेल्या पत्रात मोठमोठे दगड रचले जात आहेत, भिंतींत लाकडे बसवली जात आहेत, हे डोळ्यांनी पाहिलेले तपशील त्याने दिले. शिवाय पूर्वीचा पारशी राजा कोरेश (सायरस) याने परवानगी दिली होती हा यहूदी वडीलधाऱ्यांचा दावा जसाच्या तसा कळवून दप्तर तपासण्याची विनंती केली. प्रामाणिक अधिकाऱ्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

कोरेशाचा तो हुकूम अखमथा (एकबताना, आजच्या इराणातील हमदान) येथे सापडला. दारयावेशाने बांधकामाचा खर्च त्याच प्रांताच्या महसुलातून देण्याची आज्ञा केली, ती तत्तनइने तत्परतेने पाळली आणि इ. स. पू. 515 मध्ये मंदिर पूर्ण झाले.

बायबलबाहेरही त्याचा माग लागतो: इ. स. पू. 502 मधील एका बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेवर ‘नदीपलीकडील प्रांताचा सुभेदार तत्तन्नू’ असा उल्लेख आहे आणि तो हाच तत्तनइ असल्याचे अभ्यासक सहसा मानतात.