वडिलांच्या फुफ्फुसात गाठी आहेत, बायोप्सीत कॅन्सर नाही, टीबी नाही, 'अमायलॉइड?' असं लिहिलंय. आता पुढे काय करायचं?

मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं म्हणून लिहून राहिलो. आईच्या सीटीत तीन गाठी दिसल्या, आपल्याकडे नागपुरात गाठ म्हटली की पहिले टीबीच आठवतो, थुंकीत काही सापडलं नाही तरी एका ठिकाणी एकेटी म्हणजे टीबीची औषधं चालू केली आणि चार महिने गोळ्या खाऊन आई नुसती वाळून गेली, गाठी होत्या तेवढ्याच. मग धंतोलीत बायोप्सी केली तेव्हा कुठे 'अमायलॉइड' हा शब्द कळला, म्हणजे अवयवांत साचत जाणारं चुकीच्या घडणीचं प्रोटीन.

रिपोर्टात ते प्रश्नचिन्ह आहे ना, ते आधी काढून घ्या. त्याच तुकड्यावर काँगो रेड स्टेन (खास रंग लावून तपासणी) करायला सांगा, अमायलॉइड असेल तर पोलराइज्ड उजेडात ते कच्च्या सफरचंदासारखं हिरवं चमकतं. निगेटिव्ह आला तरी सोडू नका, लाइट चेन डिपॉझिशन नावाचा आजार असतो (अँटिबॉडीचे तुकडे साचतात), त्यातही गाठी होतात पण तो हा रंग घेत नाही. पेट स्कॅनवर मात्र भिस्त ठेवू नका, या गाठी त्यातही चमकू शकतात आणि कॅन्सरच वाटतात.

पॉझिटिव्ह आला तर कोणतं प्रोटीन आहे ते विचारा, त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री सगळ्यात भरवशाची. आमचा ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) त्यासाठी बाहेर पाठवावा लागला, म्हणून लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड आत्ताच मागून ठेवा, नाहीतर परत सुई टोचावी लागते आणि या वयात ते नको वाटतं हो.

दुसरं म्हणजे हे फक्त फुफ्फुसात आहे की अंगभर, हे बघणं फार महत्त्वाचं. त्यासाठी तपासण्या: रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन (असामान्य प्रोटीन शोधायला), किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन, हृदयासाठी टूडी एको आणि एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी, कधी बोनमॅरो पण. हृदय किंवा किडनीत असेल तर हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्तविकारतज्ज्ञाकडे) जायला उशीर करायचा नाही. फक्त गाठीच असतील तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, आईचं तसंच आहे, वर्षातून एक सीटी.

आणि एक, आईचे डोळे कित्येक वर्षांपासून कोरडे, रोज ड्रॉप टाकायची, पण कोणी जोडून पाहिलंच नाही. ते शोग्रेन निघालं (डोळे-तोंड कोरडं पाडणारा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), आणि शोग्रेन किंवा माल्ट लिम्फोमा (एक हळू वाढणारा कॅन्सर) यांच्यासोबत या गाठी होऊ शकतात. वडिलांना कोरडा घास गिळायला पाणी लागतं का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, आज घरी विचारा आणि इथेच सांगा.