वाचकांचे प्रश्न : कुत्रा ‘धोकादायक’ ठरतो तेव्हा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. आमचा शेरू हा जर्मन शेफर्डच्या वळणाचा संकरित कुत्रा आहे. गेल्या वर्षी तो कुंपणावरून उडी मारून बाहेर पडला आणि शेजाऱ्यांच्या लहान कुत्र्याला चावला. गेल्या महिन्यात पुन्हा तसेच घडले आणि त्या वेळी दुसऱ्या एका कुत्र्याला टाके घालावे लागले. आता ॲनिमल कंट्रोलकडून, म्हणजे प्राण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडून, सुनावणीची नोटीस आली आहे. शेरूला मारून टाकतील का? सुनावणीला न जाता त्याला सॅक्रामेंटोला माझ्या भावाकडे पाठवून दिले तर हे प्रकरण मिटेल का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच अधिक धोका आहे. सुनावणीला आपण गैरहजर राहिलात तरी निर्णय थांबत नाही. मालकाच्या अनुपस्थितीत निर्णय देण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. नोटीस मिळाल्यानंतर कामकाजाचे किमान ५ आणि जास्तीत जास्त १० दिवस, एवढ्या अवधीत सुनावणी घ्यायची असते. ती काही ठिकाणी सुपीरिअर कोर्टात (परगण्याच्या न्यायालयात) होते, तर काही शहरांनी स्वतःची प्रशासकीय व्यवस्था केलेली आहे. साक्षीदारांची लेखी निवेदने आणि घटनेचे अहवाल तेथे पुरावा म्हणून चालतात. म्हणून कुंपणाची छायाचित्रे, लसीकरणाचे दाखले आणि प्रशिक्षकाचे पत्र अशी जी कागदपत्रे असतील ती घेऊन अवश्य हजर राहा.

आता मूळ मुद्दा. कॅलिफोर्नियाच्या अन्न व कृषी संहितेत अशा कुत्र्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिला ‘संभाव्य धोकादायक’ आणि दुसरा ‘हिंस्र’. कोणीही डिवचलेले नसताना, मालकाच्या आवाराबाहेर, ३६ महिन्यांत दोन वेगवेगळ्या प्रसंगी एखाद्या पाळीव जनावराला जखमी करणारा कुत्रा पहिल्या वर्गात मोडतो. आपण सांगितलेली हकीकत या व्याख्येत जवळजवळ शब्दशः बसते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. दुसऱ्या वर्गात प्रामुख्याने माणसाचा जीव घेणारे किंवा स्नायू फाटणे, अनेक टाके पडणे अशी गंभीर इजा करणारे कुत्रे येतात. मात्र पहिल्या वर्गातल्या कुत्र्याने तेच वर्तन चालू ठेवले किंवा मालकाने अटी मोडल्या, तर तोही दुसऱ्या वर्गात ढकलला जातो. सार्वजनिक सुरक्षेला मोठा धोका आहे असे ठरल्यास कुत्र्याला मारण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात या ‘हिंस्र’ वर्गासाठी आहे. शेरू आज त्या वर्गात नाही.

‘संभाव्य धोकादायक’ ठरलेल्या कुत्र्याचा परवाना आणि लसीकरण कायम चालू ठेवावे लागते आणि त्याच्या नोंदीत हा शिक्का चढतो. त्याला घरात ठेवायचे, किंवा ज्यातून तो निसटू शकणार नाही आणि ज्यात लहान मुले शिरू शकणार नाहीत अशा भक्कम कुंपणाच्या अंगणात ठेवायचे. या वाक्याचा उत्तरार्ध बहुतेक मालक विसरतात. कुंपणाची उंची वाढवतात, पण फाटकाची कडी तीन वर्षांच्या पोरालाही काढता येईल अशीच राहू देतात. आवाराबाहेर नेताना मजबूत आणि योग्य लांबीचा पट्टा हवा आणि तो जबाबदार प्रौढ व्यक्तीच्या हातात हवा. शाळकरी मुलीला ‘जरा एक चक्कर मारून आण’ म्हणून पाठवणे हा अटीचा भंग ठरतो. पहिल्या वर्गातील कुत्र्याच्या बाबतीत नियमभंगासाठी ५०० डॉलरपर्यंत आणि हिंस्र ठरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

भावाकडे पाठवण्याने शिक्का पुसला जाणार नाही. असा कुत्रा मेला, विकला, दुसऱ्याला दिला किंवा कायमचा गावाबाहेर नेला, तर कामकाजाच्या दोन दिवसांत नव्या ठिकाणासह ॲनिमल कंट्रोलला लेखी कळवणे बंधनकारक आहे. निर्णयाच्या आधीच गुपचूप हलवले, तर सुनावणीत आपली बाजू अधिकच दुबळी दिसेल, असे माझे मत आहे.

निर्णय विरोधात गेला तर अपिलासाठी निर्णयाची सूचना मिळाल्यापासून केवळ ५ दिवस मिळतात. वकील शोधण्यातच हा आठवडा निघून जातो, म्हणून ती तजवीज सुनावणीपूर्वीच करून ठेवावी. पुढील ३६ महिन्यांत पुन्हा असा प्रकार घडला नाही, तर शेरूचे नाव संभाव्य धोकादायक कुत्र्यांच्या यादीतून काढावे लागते. प्रशिक्षणामुळे किंवा परिस्थिती बदलल्यामुळे धोका कमी झाल्याचे आपण दाखवून दिलेत, तर ते त्याआधीही काढता येते, परंतु तसे करण्याचे बंधन खात्यावर नाही. राज्याचे हे नियम सगळीकडे जसेच्या तसे लागू असतीलच असे नाही. शहरे आणि परगणे स्वतःचे वेगळे किंवा त्याहून कडक नियम करू शकतात, त्यामुळे आपल्या शहराचा नियम स्वतंत्रपणे वाचून घ्यावा.

प्रश्न : आम्ही फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी इंग्रजी पाटी लावली आहे आणि आमचा कुत्रा आजवर कोणालाही चावलेला नाही. उद्या पोस्टमन किंवा पार्सलवाल्याला चावलाच, तर या दोन गोष्टींमुळे आमची जबाबदारी टळेल का? (सनीव्हेल)

उत्तर : नाही. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम ३३४२ नुसार, सार्वजनिक जागी किंवा कायदेशीरपणे खासगी आवारात असलेल्या माणसाला कुत्रा चावला, तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची असते. कुत्रा पूर्वी चावला होता का आणि मालकाला त्याची कल्पना होती का, हे तेथे विचारात घेतले जात नाही. पोस्टमन आपले काम करण्यासाठीच आवारात येतो, त्यामुळे तो या संरक्षणात थेट बसतो. आपल्याकडच्या वाड्यांच्या दारावरची पाटी वाचून पाहुणा बाहेरूनच हाक मारत असे, ती सवय येथे गृहीत धरू नये. मात्र ‘धोकादायक’ ठरवण्याच्या वेगळ्या प्रक्रियेत जखमी व्यक्ती जाणूनबुजून बेकायदा घुसली होती किंवा कुत्र्याला छळत होती असे दिसले, तर कुत्र्यावर तो शिक्का मारता येत नाही.

प्रश्न : पुण्यात आई-वडिलांकडे रॉटवायलर आहे. सरकारने या जातीवर बंदी घातली आहे असे सोसायटीतले लोक सांगतात. तिकडे अमेरिकेतही जातीवरूनच ठरवतात का? (सॅन होजे)

उत्तर : कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांना विशिष्ट जातीच्या कुत्र्यांना जातीवरूनच धोकादायक ठरवता येत नाही, निर्बीजीकरण आणि प्रजनन यांपुरते जातवार नियम करण्याची मुभा मात्र त्यांना नंतर देण्यात आली आणि सॅन फ्रान्सिस्कोने पिटबुलच्या बाबतीत ती वापरली. त्याच शहरात २००१ मध्ये एका इमारतीच्या व्हरांड्यात दोन प्रेसा कॅनारियो कुत्र्यांनी एका शेजारणीचा जीव घेतला होता. त्या प्रकरणात कुत्रे सांभाळणारी स्त्री अखेर खुनासाठी दोषी ठरली.

भारतातले चित्र वेगळे आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलरसह २३ जातींचे परवाने देऊ नयेत आणि विक्री व प्रजनन थांबवावे असे सांगितले होते. संबंधितांची बाजू न ऐकता काढलेले ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले. त्यामुळे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते पत्र चिकटवून कोणी कुत्रा घराबाहेर काढायला सांगत असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही. आई-वडिलांना लागू होते ते भारतीय न्याय संहितेचे कलम २९१. ताब्यातील जनावरापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि हे कलम जात विचारत नाही. लिफ्टमध्ये आणि जिन्यावर पट्टा आखूड धरावा, गर्दीच्या वेळी मुसके घालावे आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत घरात हाताशी ठेवावी, एवढे त्यांना फोनवर सांगावे.