पुण्यातली खोली सोडून गावाकडून कायम काम करावं का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात आयटीत नोकरी, १०,००० भाड्याची खोली, कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आहे. मग खोली सोडून कराडजवळच्या गावी आई-वडिलांकडे जावं का?

पैशांपुरतं उत्तर सोपं आहे, जा. वर्षाला १,२०,००० भाडं वाचतं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे तास वेगळेच. 'एचआरए बुडेल', म्हणजे घरभाडे भत्त्यावरची करसवलत जाईल, ही भीती उगाच मोठी केली जाते. नव्या करप्रणालीत ती सवलत मुळातच नाही, त्यामुळे बुडायला काही नाही. जुन्या प्रणालीत असाल तर हिशोब मांडा. समजा महिन्याला बेसिक (मूळ पगार) ३०,०००, एचआरए १२,००० आणि भाडं १०,००० आहे. भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केले की महिन्याला ७,००० करमुक्त, म्हणजे वर्षाला ८४,०००. ही सवलत गेली तर २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट १७,४७२ रुपये कर वाढेल. वाचलेल्या भाड्यापुढे हे काहीच नाही. एक लक्षात ठेवा: घरातली वीज, टेबल-खुर्ची, इन्व्हर्टर यांची वजावट पगारदाराला कुठल्याच प्रणालीत मिळत नाही. ऑफिसमध्ये हा खर्च कंपनी करत होती, आता तो तुमच्या अंगावर येणार. म्हणून होकार कळवण्याआधी एचआरकडे खुर्ची आणि इंटरनेटच्या बिलाची परतफेड मागून घ्या. नंतर कुणी दाद देत नाही.

गावी खरं घोडं अडतं ते विजेवर. घर गावठाणात आहे की मळ्यात, हे सगळ्यात आधी बघा. गावठाण फीडरवर (गावठाणाच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) वीज बहुतेक वेळ असते. मळ्यातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज वीज ठरलेल्या तासांनाच, आठ-आठ तासांच्या पाळ्यांनी, आणि एरवी सिंगल फेज मिळाली तर मिळाली. अशा घरातून सलग नऊ तास काम करण्याचा विचार मी तरी सोडून देईन, किंवा गावठाणात एखादी खोली बघेन. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार कोणता, हे गावातल्या वायरमनला विचारा. पुण्यात गुरुवार असतो तसा तिथेही एक वार असतो. त्या दिवशी मोठी मीटिंग लावू नका.

इन्व्हर्टरचं गणित: लॅपटॉप ६० वॅट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, साधा पंखा ७५, ट्यूब २०. एकूण २०० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात हाती ११०० ते १२०० लागतात. म्हणजे साडेपाच-सहा तास. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला तर तो ३० वॅटवर येतो आणि तासभर सहज वाढतो. आता लोक जिथे हमखास फसतात ती गोष्ट. इन्व्हर्टरला यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो लाइन सोडून बॅटरीवर जातो. गावात मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंच. मग घरात दिवे लागलेले असतात, सगळ्यांना वाटतं लाइट आहे, आणि इकडे बॅटरी गुपचूप संपत असते. खरोखर लाइट जाते तेव्हा अर्ध्या तासात सगळं बंद. इको मोड कमी व्होल्टेजलाही लाइन सोडत नाही, फक्त बॅटरीवर जायला क्षणभर जास्त घेतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे इको मोडच ठेवा. राउटर आणि फायबरच्या डब्याला मात्र वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा, नाहीतर बदलाच्या क्षणी ते रीस्टार्ट होतात आणि कॉल तुटतो. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही निघतात.

आपल्या घरी वीज आहे म्हणजे इंटरनेट आहे, असंही नाही. केबलवाल्याच्या खोलीतलं किंवा खांबावरचं यंत्र विजेवर चालतं आणि त्याची बॅटरी किती टिकते ते तोच जाणे. डब्यावरचा एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबर तुटली आहे किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. राउटर दहादा रीसेट करून उपयोग नाही, फोनच करा. दिवे सगळे हिरवे आणि तरी नेट नाही, तर तक्रार त्यांच्या लॉगिनची किंवा पुढच्या लाइनची. जोडणी घेताना माणसाकडून फायबरची पॉवर मोजून घ्या. उणे १८ ते उणे २३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) उत्तम, उणे २७ च्या आसपास असेल तर पावसाळ्यात रडवणार. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी जातो, तेव्हा रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर भिस्त ठेवू नका. कॅमेरा बंद ठेवला की खप बराच उतरतो.

वीजबिलही वाढेल. २०० वॅट, नऊ तास, महिन्याचे २४ दिवस म्हणजे ४३ युनिट. घरचा वापर आत्ता ८०-९० असेल तर तुम्ही शंभर ओलांडून १०१ ते ३०० च्या टप्प्यात शिरता आणि तिथे दर चांगलाच चढा आहे. तो फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, हे त्यातल्या त्यात बरं.

घरच्यांचं म्हणाल तर 'घरीच तर आहेस' हे वाक्य रोज ऐकायची तयारी ठेवा. सिलिंडर घेण्यापासून पाहुण्यांना स्टँडवर सोडण्यापर्यंत. दार बंद होणारी वेगळी खोली नसेल तर यावर उपाय नाही. बाई असाल तर दुपारचा स्वयंपाकही गळ्यात पडतो, तेव्हा जेवणाची वेळ पहिल्या आठवड्यातच ठरवून सांगा.

अनुभव दोन-तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर मात्र मी जाऊ नका म्हणेन. कोड वाचायला कुठूनही शिकता येतं, पण सिनिअरच्या शेजारी बसून तो बिघाड कसा शोधतो ते बघणं कॉलवर होत नाही.

आणि 'कायम' हा शब्द तपासा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून टीसीएसने सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं होतं, तुमची कंपनीही उद्या तेच करू शकते. मॅनेजर तोंडी बोलला म्हणून खोली सोडू नका. कामाचं ठिकाण बदलल्याचं पत्र घ्या, परत बोलावण्याआधी किती दिवसांची सूचना देणार ते त्यात लिहून घ्या, पगार ठिकाणानुसार कमी होणार का तेही विचारा. पत्र मिळेपर्यंत खोली ठेवून दोन महिने गावाहून काम करून बघा. हे दोन महिने हिवाळ्यातले नकोत, एप्रिल-मे धरा. वळवाच्या पावसात तारा तुटतात, तेव्हाच तुमच्या बॅटरीचा आणि केबलवाल्याचा खरा कस लागतो.