कुणीतरी विचारलंय: ‘रिदमिक जिम्नॅस्टिक्सची जागतिक स्पर्धा पाहिली. रिबन फिरवत नाचण्यात एवढं अवघड काय? आणि साधन हातातून पडूनही एखादी जिंकते कशी?’

मी लातूरला शाळकरी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. ‘हा तर नाच’ असं पालकही म्हणतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

पुढच्या वेळी साधन, म्हणजे हूप (कडं), बॉल, क्लब्ज (छोटे दांडे) किंवा रिबन, हवेत गेलं की खाली ती मुलगी काय करते ते बघा. हूप किंवा बॉल उंच फेकायचा, तो खाली येईपर्यंत किमान दोन पूर्ण गिरक्या किंवा कोलांट्या घ्यायच्या, आणि मग झेलायचा. त्यातही झेल नजरेआड घेतला, हात न लावता पायांत पकडला, तर गुण वाढतात. हे सगळं १३ बाय १३ मीटरच्या चौकोनात, सव्वा ते दीड मिनिटात, संगीताच्या ठेक्यावर.

रिबन तर सगळ्यात हट्टी. लांबी ६ मीटर, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. मनगट क्षणभर थांबलं की तिचं टोक जमिनीवर लोळतं, नाहीतर गाठ बसते. आम्ही भर मे महिन्यातही हॉलचे पंखे बंद करून सराव घेतो, कारण वाऱ्यानं आकारच टिकत नाही.

आता पडण्याबद्दल. गुण अवघडपणा, कलात्मकता आणि सफाई यांचे असतात. पडलेलं साधन जागेवरून उचललं तर ०.५० वजा, एक-दोन पावलं जावं लागलं तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलांना पूर्ण १. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत इस्रायलच्या लिनोय आश्रमची रिबन पडली, तरी १०७.८०० गुणांनी ती जिंकली. रशियाच्या दिना आवेरिनाला १०७.६५० मिळाले. वाद बराच झाला. पण निकाल चारही साधनांच्या बेरजेवर लागतो आणि पहिल्या तीन साधनांच्या बेरजेत आश्रम पुढं होती. मला तो निकाल योग्यच वाटतो.

आपल्या मुली कुठंच कमी नाहीत. खो-खोसाठी धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. रिदमिकमध्ये ठाण्याच्या संयुक्ता काळेनं एकाच खेलो इंडिया स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली. खो-खोला मैदान मिळालं की भागतं. रिदमिकचं घोडं आपल्याकडं छताशी अडतं. पत्र्याच्या शेडमध्ये हूप जोरात टाकला की लोखंडी कैचीवर आपटतो. मग मुलगी हात आखडून फेकायला लागते, आणि एकदा लागलेली ही सवय मोठ्या हॉलमध्ये नेलं तरी लवकर जात नाही.

म्हणून लेकीला घालायचं असेल तर क्लासमध्ये गेल्यावर आधी वर बघा. छत बुटकं असेल तर लवचीकपणा आणि तोल तिथंच शिकू द्या, पण उंच फेकीचा सराव आठवड्यातून एकदा तरी क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये करू देतील का, हे सरांना पहिल्याच दिवशी विचारा.